चार दिवसांची शिकवणी

मी एक जुनी फटफटी आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं मी काही कबूल करत नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी तरुणपणाचा तोरा मिरवतात आणि मग आपल्याला आता कुणी विचारत नाही म्हणून गळा काढतात. माझं रडणं निराळं आहे. मला अजून विचारतात. रोज सकाळी बाहेर काढतात, पुसतात, आणि माझ्यावर नवी माणसं शिकायला बसवतात.

लढाईच्या धामधुमीत विलायतेतल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. अंगाला हिरवा रंग फासून, लाकडी पेटीत कोंबून मला बोटीनं मुंबईला पाठवलं. तिथून मी देहूरोडच्या लष्करी डेपोत आले. काम साधं होतं. कागदांची पिशवी गळ्यात अडकवलेला शिपाई घ्यायचा, पुण्याच्या कॅम्पात न्यायचा आणि परत आणायचा. पाऊस असो, चिखल असो, मी कधी अडून बसले नाही. एक साहेब माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, ही कधी दगा देणार नाही. त्या शब्दांवर मी कितीतरी वर्षं खूश होते. आता ते आठवले की नको वाटतं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घात तिच्यापायी झाला. माझा मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाखाली आहे आणि गिअर उजव्या पायाखाली. माझ्या जातीच्या विलायती गाड्यांची तशीच ठेवण. थांबायचं झालं की डावा पाय दाबायचा. एवढं लक्षात ठेवा.

लढाई संपली आणि डेपोतल्या गाड्या लिलावात निघाल्या. चिंचवड स्टेशनाजवळ हिंदुराव नावाच्या माणसाचं सायकलींचं दुकान होतं. त्यांनी मला चार मोडक्या भावंडांसकट उचललं. भावंडांचे धड असलेले भाग काढून माझ्यात बसवले, मला काळा रंग दिला आणि दुकानाच्या दारात उभं केलं. काय कौतुक झालं म्हणून सांगू. चाकण-मोशीकडून स्टेशनावर आलेली माणसं गाडीची वेळ विसरून माझ्याभोवती उभी राहायची. कुणी हॉर्न पिळून बघायचं, कुणी विचारायचं, "ही वैरण काय खाती वो?" आणि सगळे हसायचे. तेव्हा मीही हसत असेन.

डेपोत मला चालवणाऱ्या शिपायाचं नाव तात्याबा. पेन्शनीत निघाल्यावर तो हिंदुरावांकडेच कामाला लागला. हिंदुराव आता फटफट्याही विकू लागले होते, आणि ज्यानं गाडी घेतली त्याला ती चालवायला शिकवायचं काम तात्याबाचं. त्याची शिकवणी एकवीस दिवसांची. पहिले तीन दिवस तो इंजिन चालूच करू द्यायचा नाही. मला नुसतं ढकलत स्टेशनामागच्या गायरानावर फिरवायला लावायचा. मग पहिला गिअर, मग वळण, मग चढ-उतार. हातातल्या ब्रेकला हात लावला की ओरडायचा, "खडीवर फुडचा ब्रेक वढलास तर तोंडावर पडशील. पायाचा दाब, पायाचा." आणि डावा पाय तो शंभर वेळा दाबून घ्यायचा. म्हणायचा, "डोस्क्याला इचारून पाय हलला तर उशीर झाला समज. पायाला आपसूक कळाया पायजे."

अशी मी माणसं घडवली, मित्रांनो. बैलाच्या शेपटीशिवाय दुसरं काही हाती न धरलेली माणसं माझ्यावरून उतरून ताठ मानेनं चालत गेली. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

मग दुकानात नव्या गाड्या आल्या. परदेशी, तांबड्या, हलक्या. त्यांच्यापुढे मी म्हैस दिसायचे. मला त्यांचा राग नाही. पण त्यांचे पाय उलटे होते. गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. डाव्या पायानं दाबलं की त्यांचा गिअर एकेक करून वर चढायचा. तात्याबानं पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि नियम घातला. शिकणाऱ्यानं पहिले दोन आठवडे जुन्या गाडीवर काढायचे, म्हणजे नवी पडून खराब होत नाही. पण शेवटचा आठवडा स्वतःच्या गाडीवर, त्याच गायरानात, तात्याबा शेजारी उभा असताना. त्याशिवाय कुणी रस्त्यावर जायचं नाही.

हिंदुरावांना हे जड जाऊ लागलं. एकवीस दिवसांत माणूस दोनदा आपटतो, घरची घाबरतात, आणि ठरलेला सौदा मोडतो, असं दोन-तीनदा झालं. त्यांनी तोडगा काढला. दोन शिकवण्या. एक तात्याबाची मोठी, तिचे पैसे वेगळे. दुसरी चार दिवसांची, गाडीबरोबर फुकट. ती ज्योतीराम शिकवणार.

ज्योतीराम हा दुकानातला नवा विक्रीचा माणूस. चाकणजवळच्या कुरुळीचा, शेतकऱ्याच्या घरचा, सातवी झालेला. वाईट नव्हता हो. गोड बोलायचा, गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईबापालाही पाणी विचारायचा. मालकांनी त्याला सांगितलं होतं, दसऱ्याला तीन तांबड्या गाड्या गेल्या तर तू कायम, नाहीतर बैलं राखायला घरी जा. दोन गाड्या ठरल्या होत्या. तिसरं गिऱ्हाईक त्याला त्याच्याच गावात सापडलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे मुरारी. ज्योतीरामच्या घरासमोरच त्याचं घर, दोघांच्या अंगणात मध्ये कूडसुद्धा नव्हतं. मुरारी पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. शिफ्टसाठी रोज दहा-बारा मैल सायकल मारत यायचा आणि तितकंच परत जायचा. घरी आई, गोजाबाई, एकटी. लेक कामावरून येईपर्यंत ती दारातच बसून राहायची म्हणून त्याच्या जिवाला घोर. फटफटी घ्यायची ती त्यासाठी.

दुकानात आला तेव्हा त्यानं सरळ विचारलं, "ज्योतीराम, तू आपला माणूस. कंची शिकवणी घेऊ ते तूच सांग. मला यातलं काय कळत न्हाई."

त्या वेळी तात्याबा माझी साखळी आवळत होता. त्यानं मान वर केली. ज्योतीरामनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"दादा, आठ वर्सं सायकल हाणतोस तू," तो म्हणाला. "तुला एकवीस दिवस कशाला पायजेत? शिफ्ट संपवून येणार कधी, शिकणार कधी, झोपणार कधी? चार दिवसांत होतंय की."

मुरारीला ते पटलं. आपल्या माणसाचं बोलणं कुणाला पटत नाही?

चार दिवस तो माझ्यावर शिकला. आणि मित्रांनो, इतका चांगला शिकणारा मी पाहिला नव्हता. अंगाला तोल होताच. दुसऱ्या दिवशीच त्याचा डावा पाय बरोबर वेळेला बरोबर दाबायला लागला. चौथ्या दिवशी एक शेरडू आडवं आलं तर मुरारीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत मला थांबवलं. ज्योतीराम खूश, मुरारी खूश. मीसुद्धा. माझ्याकडून तो पक्का शिकला होता.

लायसनची परीक्षाही त्यानं माझ्यावरच दिली. नव्या गाडीवर तो एकदाही बसला नव्हता, आणि बसणारही नव्हता, कारण गोजाबाईनं बजावून ठेवलं होतं, "दसऱ्याला पूजा हुईस्तवर गाडीला पाय लावायचा न्हाई." आमच्या भागात सगळ्यांची हीच रीत. नवी गाडी मुहूर्ताआधी कुणी रस्त्यावर काढत नाही. ज्यांनी मोठी शिकवणी घेतली ते पूजा आधी उरकून घ्यायचे किंवा दसऱ्यानंतर आठ दिवस गायरानात शिकायचे. चार दिवसांच्या शिकवणीत यातलं काहीच बसत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्याबानं ज्योतीरामला बाजूला घेतलं. म्हणजे माझ्याजवळच घेतलं, मला कोण मोजतो.

"पोराचे पाय माझ्या ह्या म्हशीवर बसलेत," तात्याबा म्हणाला. "तांबडीवर ते उलटे पडतील. उद्या पूजा झाली की त्याला सांग, गाडी हितंच ठिव. चार दिस गायरानात फिरीव, मग घरी ने. न्हाईतर तू चालीव आणि त्याला मागं बसीव."

"सांगतो की," ज्योतीराम म्हणाला.

"सांगतो न्हाई. सांगितलं पायजे."

"व्हय तात्याबा, सांगतो म्हणलं ना."

दसऱ्याचा दिवस उजाडला. सालही सांगते, एकोणीसशे छप्पन. दुकानाला आंब्याची तोरणं, तिन्ही तांबड्या गाड्या ओळीनं उभ्या, हँडलला झेंडूच्या माळा. मलाही कुणीतरी एक माळ घातली होती. तात्याबाला मालकांनी सणाची म्हणून सकाळची सुट्टी देऊन टाकली. आता वाटतं, मुद्दामच दिली असेल. पण मला काय कळतं, उगाच पाप कशाला घेऊ.

गोजाबाई एस.टी.नं आली. नवं लुगडं नेसली होती. तिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मुरारी नवा सदरा घालून हात जोडून उभा. पूजा आटोपली आणि ज्योतीराम त्याच्याजवळ सरकला.

"मुरारीदादा, एक सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"काय रं?"

तेवढ्यात हिंदुराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांनी ज्योतीरामकडे नुसतं पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं. त्या क्षणाला ज्योतीरामच्या मनात काय चाललं असेल ते मला अजून दिसतं. गाडी आज न्यायची नाही म्हटलं तर गोजाबाईचा मुहूर्त जाणार. चार चौघांत अपशकून होणार. ती म्हणेल, राहू दे मग, मेली नको ती गाडी. तिसरी गाडी जागच्या जागी राहणार आणि ज्योतीराम बैलं राखायला घरी.

"काय न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "बेतानं जा, एवढंच."

मुरारी हसला. आईला म्हणाला, "तू एस.टी.नं फुडं हो. आज पयलाच दिस हाय, तुला मागं बसवत न्हाई. उद्यापास्नं बस." एवढी एकच गोष्ट त्या दिवशी कुणीतरी शहाणपणाची केली. मग त्यानं गाडीला किक मारली. उजव्या पायाला गिअर लागेना, तेव्हा खाली वाकून बघितलं. ज्योतीरामनं बोटानं डावीकडे दाखवलं. "हिकडं हाय व्हय," असं म्हणून मुरारीनं गिअर टाकला आणि गेला. सावकाश जात असताना डोकं पायाला सांगत होतं, म्हणून सगळं ठीक चाललं होतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मोशीच्या उतारापर्यंत तो नीट गेला असं लोक म्हणाले. तिथून रस्ता खाली इंद्रायणीकडे उतरतो. उताराच्या मध्यावर एका बैलगाडीच्या चाकाची खीळ निसटली होती आणि गाडी रस्त्यात आडवी बसली होती. गाडीवान चाकाखाली दगड लावत होता.

आता तुम्हाला सगळं समजलं असेल. मुरारीनं थांबायला म्हणून डावा पाय दाबला. मी शिकवला होता तसाच, डोक्याला न विचारता. तांबडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये गेली आणि उतारावर मोकळी सुटली. त्यानं आणखी जोरानं दाबला. गाडीवान म्हणाला, गडी शेवटपर्यंत पाय हाणत होता.

निरोप आला तेव्हा तात्याबा नुकताच दुकानात पोचला होता. त्यानं मला किक मारली, ज्योतीरामला मागे बसवलं आणि आम्ही मोशीला गेलो. उताराच्या तोंडाशी एस.टी. उभी होती. गोजाबाई जिच्यातून घरी निघाली होती तीच. ती खाली उतरून रस्त्यावर बसली होती आणि मुरारीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो गेला होता. ती त्याच्या केसांतली धूळ पदरानं पुसत होती.

तात्याबा तांबडीपाशी गेला. रस्त्यावर चाक घासल्याची रेघ कुठंच नव्हती. त्यानं हातानं गिअर चाचपला. "चौथ्यात हाय," तो म्हणाला.

पुढे पंचनामा झाला. मालकांनी मिस्त्री आणून दाखवलं, ब्रेक एकदम चांगला आहे. खरंच चांगला होता, त्याला कुणी हातच लावला नव्हता. मग कागदावर लिहिलं गेलं, चालकाचा निष्काळजीपणा. ज्यानं इतकं मन लावून शिकून घेतलं, त्याच्या नावावर हे लागलं. गावात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पूजेत काही राहिलं. तात्याबानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. ज्योतीराम कायम झाला.

मला वाटलं, आता मला भंगारात घालतील. मी त्याची वाट पाहत होते. पण महिन्याभरात नवं गिऱ्हाईक आलं आणि मला पुन्हा गायरानावर काढलं. ज्योतीरामच शिकवायचा. डावा पाय म्हणताना तो माझ्याकडे न बघता दूर रेल्वेच्या खांबाकडे बघायचा.

माघ महिन्यात एका दुपारी गोजाबाई दुकानात आली. मालक पुण्याला गेले होते. ज्योतीराम उठून उभा राहिला. ती म्हणाली, "माझा मुरारी ज्या गाडीवर शिकला ती दाव मला."

त्यानं तिला माझ्यापाशी आणलं. तिनं माझ्या टाकीवर, सीटवर हात फिरवला. मग खाली बसून तिनं माझे दोन्हीकडचे पाय निरखून पाहिले.

"थांबवायची कशी ही?" तिनं विचारलं.

"डाव्या पायानं, काकी."

"आणि ती तांबडी?"

ज्योतीरामनं नजर दूर रेल्वेच्या खांबाकडे वळवली. "उजव्या," तो म्हणाला.

तिनं डाव्या हातानं माझा ब्रेक दाबून पाहिला. शेवटपर्यंत दाबला आणि सोडला. गाडीवानानं तिला सांगितलं होतं की पोरगा शेवटपर्यंत डावा पाय हाणत होता. तिनं सगळा हिवाळा त्यावर विचार केला होता आणि आता तिला उत्तर मिळालं.

"तुला हे ठाव व्हतं?"

"व्हय."

"त्याला सांगितलं व्हतंस?"

"न्हाई, काकी." तो म्हणाला. "सांगणार व्हतो. न्हाई सांगितलं."

मला वाटलं, ती त्याला मारेल. मारावं असं मला वाटत होतं. मलाही दगडानं फोडावं असं वाटत होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याची माती झटकली. समोरच्या अंगणातल्या बाईचं, ज्योतीरामच्या आईचं नाव घेऊन ती म्हणाली, "ठकुबाईला हे सांगू नगंस. तिला झोप लागायची न्हाई."

आणि ती स्टेशनाकडे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक चार दिवस संपवून तांबडी न्यायला आलं, तेव्हा ज्योतीरामनं त्याला पायांचं सगळं सांगितलं. आठ दिवस गायरानात फिरा, मग न्या, म्हणाला. गिऱ्हाईक घाबरलं आणि गाडी न घेताच परत गेलं. संध्याकाळी हिंदुरावांनी ज्योतीरामचा हिशेब करून त्याला घरी पाठवलं. त्याच्या जागी आता दुसरा माणूस आहे. तोही गोड बोलतो. त्यानं चार दिवसांची शिकवणी तीन दिवसांची केली आहे.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, सावलीत ठेवा असं मी तुमच्याकडे मागणार नाही. माझी काय काळजी घ्यायची? काळजी घ्या ती शिकणाऱ्याची. ज्याला काहीच कळत नाही आणि जो आपला माणूस म्हणून तुमच्यावर भरवसा टाकतो, त्याच्यापासून एकही गोष्ट लपवू नका. तुमचा मुहूर्त जाऊ दे, तुमची नोकरी जाऊ दे.

उद्या सकाळी चाकणचा एक नवा शिकणारा येणार आहे. हुशार दिसतो. तीन दिवसांत मी त्याचा डावा पाय पक्का करून टाकीन, कारण मला दुसरं काही येत नाही. मला तोंडही नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्याला गाठून सांगा रे.